कळलेले आणि ऐकलेले

एखादी गोष्ट एका माणसाला कळली म्हणजे ती समाजाला कळली, असे आपण सहज गृहीत धरतो. शालेय पुस्तकांत शोधांची हकिकत तशीच सांगितलेली असते. अमुक साली अमुक शास्त्रज्ञाने शोध लावला आणि जग बदलले. या दोन वाक्यांच्या मध्ये जो काळ जातो, त्याची नोंद पुस्तकात नसते. कधी तो दोन वर्षांचा असतो, कधी चाळीस वर्षांचा. त्या काळात ज्ञान असते, छापलेलेही असते, ग्रंथालयाच्या फडताळात जपून ठेवलेले असते. फक्त ते कोणी ऐकलेले नसते. ज्यांना त्या ज्ञानाची गरज असते अशी माणसे मात्र त्या काळातही आजारी पडत असतात आणि मरत असतात. या न ऐकण्याची जबाबदारी कोणाची? जाणणाऱ्याची, की ज्यांनी ऐकायला हवे होते त्यांची?

हा प्रश्न निपाणीत बसून विचारण्यास कारण आहे. आपले गाव एका पानावर वाढले. बिडीच्या तंबाखूने येथील वखारी उभ्या केल्या, वाडे बांधले, मुलांना पुण्या-मुंबईस शिकायला पाठवले, आणि आपल्या या मंडळासारख्या संस्थांनाही हातभार लावला. पान ओळखणे हे येथील पिढ्यांचे शिक्षण होते. शेंडा कधी खुडावा, फुटवे कधी काढावेत, उन्हात पान किती तापू द्यावे, जर्द्याची प्रत बोटांनी कशी जोखावी, हे आपल्या वडीलधाऱ्यांना कोणत्याही पुस्तकावाचून ठाऊक होते. अशा गावाने पानाच्या ज्ञानाचा विचार करावा, हे उचितच होय. परंतु आपल्या पानाकडे येण्यापूर्वी आम्ही दुसऱ्या एका पानाची हकिकत सांगू इच्छितो. ते पान गांजाचे आहे, आणि हकिकत एका परदेशी रसायनशास्त्रज्ञाची.

राफाएल मेशुलम यांचा जन्म १९३० साली बल्गेरियाची राजधानी सोफिया येथे एका ज्यू कुटुंबात झाला. वडील डॉक्टर होते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात वडिलांना छळछावणीत धाडण्यात आले. ते त्यातून वाचले. १९४९ मध्ये कुटुंब इस्राएलला गेले. तेथे मेशुलम रसायनशास्त्र शिकले, रेहोवोत येथील वाइझमन संस्थेत त्यांनी डॉक्टरेट मिळवली, आणि तेथेच साठच्या दशकाच्या आरंभी स्वतःचे संशोधन सुरू करताना त्यांनी एक साधा प्रश्न हाती घेतला. अफूतील मुख्य द्रव्य, म्हणजे मॉर्फिन, एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीच वेगळे करण्यात आले होते. तंबाखूतील निकोटिन १८२८ साली वेगळे झाले, कोकाच्या पानातील कोकेन १८६० च्या सुमारास. मग हजारो वर्षे माणसाच्या वापरात असलेल्या गांजात नेमके काय आहे, हे अजून कोणालाच का ठाऊक नाही?

याचे एक कारण रसायनाचे होते. गांजातील द्रव्ये तेलकट असतात, एकमेकांसारखी असतात आणि सहजासहजी सुटी होत नाहीत. केंब्रिजमधील संशोधकांनी १८९६ च्या सुमारास भारतातून गेलेल्या चरसावर काम केले होते; १९४० च्या आसपास अमेरिकेत रॉजर ॲडम्स यांनी आणि इंग्लंडात अलेक्झांडर टॉड यांनी काही द्रव्ये मिळवली होती; तरी नशा आणणारे शुद्ध द्रव्य कोणाच्या हाती आले नव्हते. दुसरे कारण कायद्याचे होते. गांजा बेकायदा ठरल्यावर तो प्रयोगशाळेत आणणे कठीण झाले, आणि प्रतिष्ठित विद्यापीठांना त्या नावाशी आपले नाव जोडले जाणे नको होते. ज्या वस्तूला समाज वाईट म्हणतो, तिच्याविषयी जाणून घेणाऱ्याकडेही तो संशयाने पाहतो.

मेशुलम यांनी पोलिसांकडून जप्त केलेला पाच किलो लेबनानी हशीश मिळवला आणि तो पिशवीत घालून बसने रेहोवोतला आणला. सहप्रवाशांना त्याचा वास आला, असे ते पुढे मिस्कीलपणे सांगत. या व्यवहारास आरोग्य खात्याची अनुमती लागते, हे देणाऱ्यालाही ठाऊक नव्हते आणि घेणाऱ्यालाही. म्हणजे संशोधनाचा आरंभच कायदेभंगाने झाला. प्रकरण दिलगिरीवर मिटले आणि पुढे रीतसर परवानगी मिळत गेली. १९६३ मध्ये त्यांनी कॅनाबिडायॉल या द्रव्याची रचना उलगडली. १९६४ मध्ये येहिएल गाओनी यांच्यासह त्यांनी नशा आणणारे द्रव्य शुद्ध रूपात मिळवून त्याची रचना प्रसिद्ध केली. त्याचे नाव टेट्राहायड्रोकॅनाबिनॉल. पुढे आम्ही यांना सी.बी.डी. आणि टी.एच.सी. असेच म्हणू. सी.बी.डी. नशा आणत नाही, टी.एच.सी. आणते, एवढा फरक वाचकांनी ध्यानी ठेवला तरी पुरे.

हे शोध लागत असताना त्यांनी अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेकडे अर्थसाहाय्य मागितले होते. अमेरिकेत गांजा हा महत्त्वाचा प्रश्न नाही, या अर्थाचे उत्तर त्यांना आले. थोड्याच काळाने तेथील तरुण पिढीत गांजाचे सेवन पसरले, आणि तीच संस्था साहाय्य घेऊन त्यांच्या दारी आली. न ऐकण्याचा हा पहिला आणि सौम्य प्रकार होय. आपल्या अंगणात आग लागेपर्यंत अग्निशास्त्र निरुपयोगी वाटते.

शुद्ध द्रव्य हाती आल्यावर मेशुलम यांनी घरीच एक प्रयोग केला. दहा मित्रांपैकी पाच जणांना दहा-दहा मिलिग्रॅम टी.एच.सी. घातलेला केक दिला, पाच जणांना साधा. ज्यांनी द्रव्य घेतले होते त्यांपैकी एकाला बोलणे आवरेना, एकाला हसू आवरेना, एकास भयाने ग्रासले. मात्रा एक, द्रव्य एक, पण माणसे वेगळी आणि परिणामही वेगळे. आजच्या नियमांनुसार असा प्रयोग कोणी करू देणार नाही, आणि ते योग्यच आहे. तरी त्यातून दिसलेली गोष्ट खरी होती. पान चांगले की वाईट, या प्रश्नाला उत्तर नाही. किती, कोणाला, कोणत्या वयात आणि कोणत्या मार्गाने, हे विचारल्याखेरीज पानाविषयी काहीच बोलता येत नाही.

मार्गाचा प्रश्न चयापचयाचा आहे. गांजा ओढला तर टी.एच.सी. फुप्फुसांतून रक्तात व मेंदूत काही मिनिटांत पोचते. भांग प्यायल्यास ते आधी यकृतात जाते, आणि तेथे त्याचे रूपांतर दुसऱ्या एका द्रव्यात होते, जे स्वतःही नशा आणणारे असते. हे १९७० च्या सुमारास मेशुलम, अमेरिकेतील समनर बर्स्टाइन आणि इतर काही संशोधकांनी दाखवून दिले. शिमग्याला भांग उशिरा चढते आणि लवकर उतरत नाही, या सर्वपरिचित अनुभवाचे स्पष्टीकरण त्यात आहे. टी.एच.सी. मेदात विरघळते, शरीरातील चरबीत साठून राहते, आणि त्याचे अवशेष नशा उतरल्यावरही कित्येक दिवस लघवीत सापडतात. आपल्याकडील शार्ङ्गधर संहितेत भांग आणि अफू यांचे उदाहरण 'व्यवायी' द्रव्य म्हणून दिले आहे. जे आधी सर्व शरीरभर पसरते आणि मग पचते, ते व्यवायी. आमच्या पूर्वजांना आधुनिक रसायन ठाऊक होते, असा याचा अर्थ काढणे हास्यास्पद ठरेल. परंतु त्यांनी नीट पाहिले होते आणि पाहिलेले लिहून ठेवले होते, एवढे श्रेय त्यांना द्यावयास हवे.

मग प्रश्न उरला तो मेंदूचा. एखाद्या वनस्पतीतील द्रव्य माणसाच्या मेंदूवर इतक्या अचूकपणे काम करते, याचा अर्थ त्याला बसणारी जागा तेथे असली पाहिजे. शास्त्रज्ञ तिला ग्राही म्हणतात. आपण तिला कुलूप म्हणू. १९८८ मध्ये ॲलिन हाउलेट आणि विल्यम डिव्हेन यांनी अमेरिकेत ते कुलूप असल्याचे दाखवले. पण निसर्गाने आपल्या मेंदूत गांजासाठी कुलूप कशाला बसवावे? शरीराची स्वतःची किल्ली असणारच. ती शोधण्यासाठी डिव्हेन जेरुसलेमला मेशुलम यांच्या प्रयोगशाळेत आले. त्यांनी आणि लुमीर हानुश यांनी डुकरांच्या मेंदूतून अत्यल्प प्रमाणात ते द्रव्य वेगळे केले, आणि डिसेंबर १९९२ मध्ये त्याची रचना प्रसिद्ध झाली. त्याला नाव देण्यात आले 'आनंदामाइड'. संस्कृतातील 'आनंद' हाच शब्द त्यात आहे. तैत्तिरीय उपनिषदाच्या आनंदवल्लीत आनंदाच्या पायऱ्या मोजलेल्या आपण ऐकत आलो. त्या शब्दाला विसाव्या शतकाच्या अखेरीस एका रेणूच्या नावात जागा मिळावी, हे विलक्षणच. हा आनंद फार टिकत नाही, हेही येथे नमूद केले पाहिजे. शरीरातील एक विकर त्याचे लवकरच विघटन करते. वेदना, भूक, स्मृती, भय यांच्या नियमनात हे द्रव्य भाग घेते, आणि काम संपताच नाहीसे होते.

येथवरची हकिकत कोणत्याही यशस्वी शास्त्रज्ञाच्या चरित्रात शोभेल अशी आहे. आम्हांस महत्त्वाचे वाटते ते तिच्या मध्यावर घडलेले एक प्रकरण. सत्तरच्या दशकात मेशुलम आणि ब्राझीलमधील एलिसाल्दो कार्लिनी यांच्या गटाने सी.बी.डी.चा उपयोग अपस्मारावर, म्हणजे फेफऱ्यावर, होतो काय याचा शोध घेतला. प्राण्यांवरील प्रयोग आशादायक होते. मग इतर औषधांनी झटके न थांबलेल्या पंधरा रुग्णांची निवड झाली. त्यांचे नेहमीचे औषध चालू ठेवून आठ जणांना सी.बी.डी. आणि सात जणांना तशाच दिसणाऱ्या पण औषध नसलेल्या गोळ्या देण्यात आल्या. आठांपैकी चौघांचे झटके जवळजवळ थांबले, तिघांना काही प्रमाणात उतार पडला, एकाला काहीच गुण आला नाही. दुसऱ्या गटातील सातांपैकी एकाच्याच प्रकृतीत सुधारणा दिसली. हे निष्कर्ष १९८० साली प्रसिद्ध झाले.

त्यानंतर काही झाले नाही. कोणी हा अभ्यास खोटा ठरवला नाही, आणि मोठ्या प्रमाणावर तपासूनही पाहिला नाही. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने सी.बी.डी.चे शुद्ध औषध, 'एपिडायोलेक्स', लहान मुलांच्या दोन अतिशय कठीण प्रकारच्या अपस्मारांसाठी मंजूर केले ते जून २०१८ मध्ये. मधे अडतीस वर्षे गेली. त्या वर्षांत जी मुले दिवसाला अनेकदा कोसळली, त्यांच्यासाठी फडताळात एक अहवाल पडून होता. मेशुलम यांनी उतारवयात अनेकदा याविषयी खंत व्यक्त केली. ९ मार्च २०२३ रोजी जेरुसलेम येथे त्यांचे निधन झाले. म्हणजे त्यांना ते औषध रुग्णांपर्यंत पोचलेले पाहता आले. अनेक शास्त्रज्ञांच्या वाट्याला तेवढेही येत नाही.

हा अहवाल कोणी का ऐकला नाही? त्यात नशेचा संबंध नव्हता, सी.बी.डी.ने नशा येत नाही. परंतु ते ज्या झाडातून आले होते ते झाड बदनाम होते. १९६१ च्या आंतरराष्ट्रीय करारात गांजाला अत्यंत घातक आणि औषधी मूल्य जवळपास नसलेल्या पदार्थांच्या यादीत बसवण्यात आले होते. म्हणजे टी.एच.सी.ची रचना कळण्याच्या तीन वर्षे आधीच निकाल लागला होता. त्या यादीतून गांजा काढण्यात आला तो २ डिसेंबर २०२० रोजी, तोही संयुक्त राष्ट्रांच्या आयोगात सत्तावीस विरुद्ध पंचवीस अशा मतांनी. भारताने काढण्याच्या बाजूने मत दिले.

याच्या उलट उदाहरण आपल्याच देशात शंभर वर्षांपूर्वी घडले होते. त्या वेळी मुंबई इलाख्यात अहमदनगर जिल्ह्यात गांजाची रीतसर लागवड होत असे. गांजाने भारतातील वेड्यांची इस्पितळे भरली आहेत, अशी तक्रार इंग्लंडच्या पार्लमेंटात झाल्यावरून सरकारने १८९३ मध्ये आयोग नेमला. आयोगाने ११९३ साक्षी घेतल्या. तेवढ्यावर न थांबता त्याने इस्पितळांच्या नोंदवह्या एकेक करून तपासल्या. तेव्हा आढळले, की रुग्णाची माहिती नसल्यास आणणाऱ्या पोलिसाच्या सांगण्यावरून 'कारण : गांजा' असे लिहून टाकण्याची प्रथा होती. ती आकडेवारी विश्वासार्ह नाही, असे आयोगाने स्पष्ट म्हटले. बेताचे सेवन आणि अतिरेक यांत फरक करून त्याने बंदीऐवजी नियंत्रणाची शिफारस केली. आयोग परकीय सरकारचा होता आणि त्या सरकारला अबकारी उत्पन्न हवे होते, हे आम्ही विसरत नाही. तरीही वहीतल्या रकान्यावर विश्वास न ठेवता माणसापर्यंत जाऊन विचारण्याची त्याची पद्धत अनुकरणीय होती.

आता आपल्या पानाकडे वळू. तंबाखूचे विज्ञानही तितकेच थोर आहे. शरीरात द्रव्यांसाठी ग्राही असतात ही कल्पनाच मुळी १९०५ साली केंब्रिजच्या जे. एन. लँग्ली यांनी निकोटिनवर प्रयोग करता करता मांडली. गांजाचे कुलूप सापडण्याच्या त्र्याऐंशी वर्षे आधी तंबाखूच्या पानाने कुलूप ही कल्पना जगाला दिली होती. यकृतात निकोटिनचे रूपांतर कोटिनीन या द्रव्यात होते, आणि ते लघवीत मोजता येते. ज्याच्या लघवीत कोटिनीन, त्याच्या शरीरात तंबाखू गेली. मग तो स्वतः विडी ओढो अथवा न ओढो.

तंबाखूपासून होणाऱ्या अपायाचे ज्ञानही जुने आहे, आणि त्यात मराठी माणसाचा मोठा वाटा आहे. भारतातील विकृतिशास्त्राचे एक जनक मानले गेलेले गोमंतकीय डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातील रुग्णांचा अभ्यास केला. एल. डी. संघवी आणि के. सी. राव यांच्यासह त्यांनी १९५५ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये निबंध प्रसिद्ध केला. तंबाखू ओढणे व चघळणे आणि तोंड-घशाचा कर्करोग यांचा संबंध त्यात दाखवला होता. इंग्लंडातील डॉल आणि हिल यांचा धूम्रपान व फुप्फुसाच्या कर्करोगावरील प्रसिद्ध निबंध १९५० चा. म्हणजे आपले शास्त्रज्ञ अवघी पाच वर्षे मागे होते. नंतर अहमदाबादच्या व्यावसायिक आरोग्य संस्थेने गुजरातेत तंबाखूची ओली पाने तोडणाऱ्या मजुरांना होणारी मळमळ, उलट्या, चक्कर यांचा अभ्यास केला आणि निकोटिन त्वचेतून आत जाते हे दाखवले. नव्वदच्या दशकात मुंबईच्या कर्करोग संशोधन संस्थेने बिडी-तंबाखूवर प्रक्रिया करणाऱ्या कामगारांच्या लघवीत कोटिनीनचे वाढलेले प्रमाण मोजले.

हे ज्ञान कधी ऐकले गेले? १९७५ च्या कायद्याने सिगारेटच्या पाकिटावर इशारा छापणे आवश्यक केले; बिडीला तो कायदा लागूच नव्हता. सर्व तंबाखूजन्य पदार्थांना कवेत घेणारा कायदा २००३ चा, आणि चित्ररूप इशारे पाकिटांवर आले ते मे २००९ अखेर. खानोलकरांच्या निबंधापासून चोपन्न वर्षे. बिडी ओढणारा माणूस बहुधा गरीब असतो, आणि चित्राची गरज त्यालाच सर्वांत जास्त होती.

दोन्ही पाने शेजारी ठेवली, म्हणजे आमचे म्हणणे स्पष्ट होईल. एका पानाच्या उपयोगाचे ज्ञान अडतीस वर्षे ऐकले गेले नाही, कारण ते पान बदनाम होते. दुसऱ्या पानाच्या अपायाचे ज्ञान चोपन्न वर्षे ऐकले गेले नाही, कारण ते पान प्रतिष्ठित होते. दोन्ही ठिकाणी रसायनशास्त्राने आपले काम केले. अडथळा होता तो पानाविषयी आपण आधीच करून ठेवलेल्या मताचा, आणि त्या मतामागे उभ्या असलेल्या हिशोबाचा.

सीमाभागातल्या माणसाला हे समजावून सांगण्याची गरज नसावी. कागदावरची रेघ वस्तूला कशी बदलते, हे आपण १९५६ पासून पाहत आहोत. महाराष्ट्राने जुलै २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी घातली, कर्नाटकाने मे २०१३ च्या अखेरीस. म्हणजे मधले दहा महिने एकच पुडी कागलात गुन्हा होती आणि कोगनोळीचा नाका ओलांडून निपाणीत आली, की वाणसामान होती. तोंडाच्या आतल्या त्वचेला मात्र तो नाका ठाऊक नव्हता. अमली पदार्थांविषयीच्या १९८५ च्या कायद्यातही गांजाच्या झाडाचा फुलोरा हा गुन्हा आहे, तर नुसती पाने गांजाच्या व्याख्येत बसत नाहीत. कायद्याला कुठेतरी रेघ ओढावी लागते, याबद्दल आमची तक्रार नाही. रेघ ओढली, की समजून घेण्याचे काम संपले, असे मानण्याबद्दल आहे.

यावर दोन आक्षेप घेतले जातील, आणि दोन्ही विचारात घेण्याजोगे आहेत. पहिला असा, की पंधरा रुग्णांच्या प्रयोगावरून औषध बाजारात आणायचे काय? घाईचेही बळी असतात. २०१६ च्या जानेवारीत फ्रान्समध्ये, आनंदामाइडचे विघटन करणाऱ्या त्याच विकराला रोखणाऱ्या एका नव्या द्रव्याची निरोगी स्वयंसेवकांवर चाचणी चालू असता एकाचा मृत्यू झाला आणि इतर काहींना रुग्णालयात न्यावे लागले. गांजाचे सेवन, विशेषतः कोवळ्या वयात, मनोविकारांचा धोका वाढवते याचेही पुरावे आहेत. स्वतः मेशुलम यांचा आग्रह, ठरावीक मात्रेचे, तपासलेले औषध हेच खरे औषध, असा होता. आक्षेप मान्य. परंतु सावधपणे तपासणे वेगळे आणि तपासणेच टाळणे वेगळे. १९८० नंतरची वर्षे तपासण्यात गेली असती, तर आम्ही हा लेख लिहिला नसता.

दुसरा आक्षेप अधिक जवळचा आहे. तंबाखूचे दुष्परिणाम ऐकून शेतकऱ्याने काय करावे? पोट ज्ञानावर भरत नाही. मार्च-एप्रिल १९८१ मध्ये शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी निपाणीत महामार्गावर ठिय्या दिला आणि ६ एप्रिलला गोळीबारात त्यांतल्या काहींचे प्राण गेले. ते पानाच्या भावासाठी भांडत होते, आणि तो भाव म्हणजे त्यांच्या मुलांचे जेवण होते. त्याच काळात प्रा. सुभाष जोशी यांच्या पुढाकाराने वखारींतल्या स्त्रिया संघटित झाल्या. 'युगांतर' या गटाने १९८२ साली त्यांच्यावर माहितीपट केला. त्यांची मागणी रोजाची, कामाच्या तासांची आणि माणूस म्हणून वागवले जाण्याची होती. या माणसांना कोटिनीनचा हिशोब सांगणे हे, बुडणाऱ्याला पाण्याचे रासायनिक सूत्र सांगण्यासारखे झाले असते.

याच आक्षेपात आमच्या मूळ प्रश्नाचे उत्तर दडलेले आहे, असे आम्हांस वाटते. जाणणाऱ्याचे कर्तव्य नीट जाणण्याचे, ते उघड करण्याचे आणि शक्य तितक्या वेळा सांगण्याचे. ते मेशुलम यांनी केले, खानोलकरांनीही केले. ऐकणे हे दुसऱ्यांचे काम, आणि ऐकण्याला किंमत पडते. औषध कंपनीला पैसा घालावा लागतो, सरकारला महसूल सोडावा लागतो, शेतकऱ्याला पीक बदलावे लागते, मजूर बाईला रोज बुडवावा लागतो. ही किंमत सर्वांना सारखी नसते. ज्याला ती सर्वांत कमी पडते, त्याच्यावर ऐकण्याची जबाबदारी सर्वांत आधी येते, आणि ज्याला सर्वांत जास्त पडते त्याची झीज भरून देण्याचीही. हे केल्यावाचून नुसता इशारा छापणे म्हणजे ऐकल्याचे सोंग होय.

आपल्या मंडळाच्या वाचकांत जुनी घराणी बहुसंख्य आहेत. कित्येकांच्या घरी वखार होती, काहींच्या अजून आहे. अनेकांनी शेतात आता ऊस, सोयाबीन घेतले आहे. ज्यांना पानाने स्थिर केले, त्यांना ऐकणे आज तुलनेने स्वस्त आहे. वखारीच्या वहीत वजन, प्रत, भाव आणि रोज यांना रकाने असतात. खोकल्याला रकाना नसतो. आयोगाने शंभर वर्षांपूर्वी वह्या सोडून माणसांना विचारले, तसे आपणही विचारू शकतो. तंबाखू कुटणाऱ्या, चाळणाऱ्या पिढीतल्या कितीतरी म्हाताऱ्या बायका अजून आपल्याच गल्लीबोळांत राहतात. भुकटीने श्वास कोंडू लागला तेव्हा त्या काय करत, घरी गेल्यावर तान्ह्या मुलाला जवळ घेण्यापूर्वी हात कसे धूत, कोण लवकर गेली आणि कशाने, हे त्यांना ठाऊक आहे. ते कोणत्याही प्रयोगशाळेने मोजलेले नाही. मंडळाने या वर्षी तेवढे काम हाती घ्यावे, त्यांच्याकडे जाऊन बसावे, आणि त्या सांगतील ते त्यांच्या शब्दांत उतरवून घ्यावे, अशी आमची सूचना आहे.